अर्धवट साबणाची हकीकत

तीर्थस्वरूप सौ. वहिनींना धाकट्या नणंदेचा वाकून नमस्कार. (वाकले ती मनातल्या मनात. माझ्या कमरेचं तुम्हाला ठाऊक आहेच.)

पत्रास कारण आहे, पण ते ओघाने येईल. आधी तुमची तब्येत कशी आहे ते कळवा. गुडघ्याला तेल रोज लावता, की बाटली उशाशी ठेवून नुसतं तिच्याकडे बघता? दादाचा खोकला थांबला का? त्याला म्हणावं, डॉक्टरांनी दिलेलं औषध पोटात घ्यायचं असतं, आल्यागेल्याला त्याचे तोटे समजावून सांगायचे नसतात. इकडे आम्ही सगळे खुशाल. ह्यांनी नवी कवळी बसवली आहे. ती बोलताना जरा मागे राहते, म्हणजे ह्यांचं वाक्य आधी संपतं आणि कवळी नंतर. चिरंजीव शनिवारी येतो, सोमवारी कामाच्या गावी परत जातो आणि मधल्या वेळात झोपतो, म्हणून त्याच्याविषयी या पत्रात पुढे काही नाही.

मी विद्यापीठात जाते ही बातमी तुमच्याकडे आता शिळी झाली असेल. साठी उलटल्यावर मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, तेव्हा दादाने फोनवर ‘कशासाठी?’ एवढंच विचारलं होतं आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन तुमच्या हातात दिला होता. तुम्ही जास्त काही बोलला नाहीत, ‘चष्मा बदलून घे’ म्हणालात. घेतला. आता फळ्यावरचं सगळं दिसतं. कळतं किती, तो भाग वेगळा.

आमचं विद्यापीठ बायकांचं आणि लहान आहे. विद्यापीठ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे घुमट आणि कारंजी आली असतील तर ती पुसून टाका. एक तिमजली इमारत, तिच्या कुशीला प्रयोगशाळांची बैठी रांग, एक कँटीन, एक मैदान (उतरतं, चेंडू कुठूनही मारला तरी तो फाटकाकडेच घरंगळतो, त्यामुळे आमच्या वॉचमनबाई नोकरी सांभाळून उत्तम गोलकीपर झाल्या आहेत) आणि मागे शिक्षकांची घरं. त्यातल्या एका घरात आम्ही राहतो, कारण सूनबाई इथे संख्याशास्त्र शिकवते. आवारात मुक्कामाला असलेले पुरुष म्हणजे हे आणि ग्रंथपालबाईंचा बोका. दोघांनाही कँटीनमध्ये मान आहे आणि दोघंही तिथे काही न मागता नुसते जाऊन बसतात.

एवढ्याशा जागेत कुठलीही गोष्ट लपत नाही, आणि लपलीच तर पत्रकारितेच्या मुली ती शोधून जिन्याखालच्या फळ्यावर लावतात. त्या फळ्याला इथे ‘वार्ताफलक’ म्हणतात आणि आल्याबरोबर आधी तो वाचून मग सगळ्या वर्गात जातात. ‘दुसऱ्या मजल्यावरचा नळ दुरुस्त’, त्याखाली दुपारपर्यंत ‘नळ पुन्हा बिघडला’, अशी तिथली पत्रकारिता निर्भीड आहे. माझ्याविषयीही अधूनमधून येतं. ‘पहिल्या वर्षाच्या आजी तासाला झोपल्या’ अशी बातमी एकदा आली होती. (साफ खोटी. मी डोळे मिटून ऐकत होते. घोरण्याचा जो उल्लेख आहे तो पंख्याचा आवाज होता.)

तर वहिनी, त्याच फळ्यावर एक दिवस माझं नाव मोठ्या अक्षरात झळकलं. मी विद्यार्थिनी प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभी राहिले. आता तुम्ही कपाळाला हात लावाल, पण तो माझा दोष नाही, बाकाचा आहे. आमच्या वर्गातल्या बाकांना पाठ नाही. तीन तास तसं बसल्यावर माझा कणा मला नावं ठेवायला लागतो. मी ऑफिसात तक्रार घेऊन गेले तर तिथल्या बाई मान वर न करता म्हणाल्या की हे विद्यार्थिनी प्रतिनिधीने मांडायचं असतं. माझ्या तोंडून रागाने निघून गेलं, ‘मग मी प्रतिनिधीच होते!’ त्यांनी लगेच नाव लिहून घेतलं. बाकाला पाठ असायला हवी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, कँटीनमधला चहा चटका बसेल इतका गरम हवा आणि शिकवणाऱ्यांनी फळ्याशी न बोलता वर्गाशी बोलावं, असा माझा जाहीरनामा होता. तो वाचून हे म्हणाले, ‘निवडून आलीस तर विद्यापीठातल्या सगळ्या मुलींची सांधेदुखी बरी होईल.’ कवळीमुळे वाक्य लांबलं, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

खरा घोटाळा पुढे झाला. निवडणूक अधिकारी म्हणून कुलगुरूबाईंनी आमच्या सूनबाईला नेमलं. (मोजदाद चोख करणारी दुसरी कोण आहे इथे?) त्या संध्याकाळी ती घरी आली, दारात चप्पल काढली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, ‘आई, निकाल लागेपर्यंत मला तुमच्या हातचं खाता येणार नाही.’

‘का गं? मीठ जास्त पडतंय का?’

‘नाही. उमेदवाराचा पाहुणचार होतो.’

मला आधी गंमत वाटली. पण वहिनी, ती पोरगी हलली नाही. स्वयंपाकघरात तिने आपली वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं काढलं आणि दिवसभर शिकवून आल्यावर स्वतःपुरतं शिजवून खायला लागली. प्रचाराविषयी घरात अवाक्षर काढायचं नाही, तिच्या कपड्यांना मी इस्त्री करायची नाही, मी विचारलेल्या प्रश्नाला ती ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देणार. ह्यांची मात्र चैन झाली. आधी माझ्याकडे जेवायचे, मग ‘निष्पक्ष राहायला हवं’ म्हणून तिच्याकडे. मध्ये एकदा तिला सर्दी झाली, घसा बसला. मी काढा केला आणि ओट्यावर ठेवून भिंतीला ऐकू जाईल असं म्हटलं की हा जास्त झालाय, कोणीतरी टाकून द्या. मी पाठ फिरवून उभी राहिले. मागून घोट घेतल्याचा आवाज आला. मग कप विसळल्याचा. मग म्हणाली, ‘टाकून दिला.’ तुम्हाला वाटेल मला सुनेचा राग आला असेल. अहो, दुसऱ्या दिवशी मी सगळ्या कँटीनला सांगत सुटले की माझी सून माझ्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही. ऐकणाऱ्यांनी भलताच अर्थ काढला आणि चार जणींनी माझं सांत्वन केलं, तो भाग सोडा.

आता माझ्याविरुद्ध कोण, ते सांगते. रसायनशास्त्राची तिसऱ्या वर्षाची एक मुलगी. तिला सगळे ‘कुजबुज’ म्हणतात, कारण ती बोलली की फक्त ओठ हलतात. हजेरीला ती ‘हजर’ म्हणते आणि गैरहजर लागते. तिच्या जाहीरनाम्यात एकच शब्द होता, ‘बस’. पोस्टरचा बाकी कागद कोरा. मी मनात म्हटलं, हिला मुद्दे सुचले नाहीत, बिचारीने ‘बस’ म्हणून आवरतं घेतलं. (हसू नका. तुम्हीही तेच म्हणाला असता.)

प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात मी प्रयोगशाळेकडे मोर्चा वळवला. विज्ञानाच्या मुली संख्येने जास्त, आणि त्यांची स्टुलंही बिनपाठीची. दुपार कलली होती. टेबलावर कुठे काही उकळत होतं, कुठे काही गाळत होतं, वास असा की सूनबाईकडून मला लागलेली उरलीसुरली सर्दी उडून गेली. मी मध्यभागी उभी राहून पाठीच्या कण्याचं महत्त्व सांगायला लागले. माझं दुसरंच वाक्य चाललं होतं, तेवढ्यात खिडकीतली एक मुलगी ओरडली, ‘बस!’

मी थांबले. मला वाटलं, भाषण पुरे झालं असं सांगतायत.

पुढच्या क्षणी जे झालं ते बघून मला वाटलं आग लागली. भराभर ज्योती बंद झाल्या, नळ्या बेसिनमध्ये ओतल्या गेल्या, पिशव्या खांद्यावर गेल्या आणि अख्खी प्रयोगशाळा दारातून बाहेर पळाली. त्यांच्यामागे शिकवणाऱ्या बाईही, अंगातला एप्रन काढत काढत. मतदार पळाल्यावर उमेदवाराने जागेवर उभं राहून काय करायचं? मीही पळाले. (मी पळाले, वहिनी! तुम्ही मला शेवटचं पळताना बघितलं ते शेजारच्यांची गाय सुटली होती तेव्हा.) फाटकाबाहेर बस निघालेलीच होती. मी हात हलवून ‘अहो, माझा जाहीरनामा’ असं काहीतरी म्हणाले, ते एकीला ‘मला घ्या’ असं ऐकू आलं, चार हातांनी मला दंडाला धरून वर ओढलं आणि बस सुटली. माझं घर आवाराच्या आत, आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला चाललेले. फोन घरी चार्जिंगला लावलेला.

बसमध्ये उभं राहायला जागा म्हणजे एका पायापुरती. माझ्या शेजारी कुजबुज उभी होती. एका हाताने तिने वरचा दांडा धरला होता आणि दुसऱ्या हातात एक काचेची नळी, तोंडावर अंगठा दाबलेला. घाईत ठेवायची राहून गेलेली. मी विचारलं, ‘यात काय आहे?’ ती काहीतरी बोलली. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

‘अजून काही नाही. स्फटिक व्हायला वेळ लागतो, आजी. तो कधी मिळत नाही.’

मग वाटेत सगळं कळलं. ही त्या बाजूची शेवटची बस. प्रयोगशाळेचा तास संपायच्या कितीतरी आधी ती फाटकावरून जाते. थांबून प्रयोग पुरा करावा तर पुढे अंधारात एकटीने चालत जायचं, आणि ते कुठल्या घरी चालणार? म्हणून या मुली रोज अर्धा प्रयोग करतात आणि उरलेला अर्धा पुस्तकातून उतरवतात. शिकवणाऱ्या बाईही त्याच बाजूला राहतात. काही मुलींनी तर याच पायी विज्ञान सोडून माझ्याबरोबर कवितेच्या वर्गात बसणं पत्करलं आहे. (मी समजत होते त्यांना कविता आवडते.) कुजबुजचं तिसरं वर्ष चालू आहे आणि तिने आपल्या हाताने केलेला स्फटिक आजवर एकदाही बघितलेला नाही. मी तिथे एका पायावर उभी आणि माझ्या पिशवीत पाठीच्या बाकांची पत्रकं. मी पिशवीचं तोंड बंद केलं.

शेवटच्या थांब्यावर उतरून कुजबुजने मला आपल्या घरी नेलं. तिची आई शिवणकाम करते. मशीनवरून उठून तिने मला खुर्ची दिली (पाठीची!) आणि म्हणाली, ‘तुम्हीच का त्या उभ्या राहिलेल्या आजी? ही सांगते, तुम्ही फार छान बोलता. ही निवडून नाही आली तरी चालेल, पण तेवढं बसचं तुम्ही बघाल ना? हिचा काका म्हणतो, एवढं धावतपळत शिकायचं तर घरी बसलेली काय वाईट.’ वहिनी, तोपर्यंत मला कोणी ‘छान बोलता’ म्हटलं की मी दोन दिवस तरंगायची. त्या खुर्चीवर मात्र मी पाठ न टेकता बसून राहिले.

तिच्या फोनवरून मी घरी कळवलं आणि दिवेलागणीला सूनबाई स्कूटर घेऊन आली. दारातला देखावा बघून ती जागच्या जागी थबकली. एका उमेदवाराच्या घरातून दुसऱ्या उमेदवाराला निवडणूक अधिकाऱ्याने स्वतःच्या वाहनावर घालून न्यायचं, हे कुठल्या नियमात बसतं, याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर चालला होता. चहाला ती ‘नको’ म्हणाली. मग कुजबुजला विचारलं, ‘मी यांना घेऊन गेले तर तुझी काही हरकत आहे?’ कुजबुजचे ओठ हलले. ‘काय?’ सूनबाईने विचारलं. परत ओठ हलले. शेवटी आईने भाषांतर केलं, ‘हरकत नाही म्हणतेय. म्हणते, आजींना मधे कुठे उतरवू नका.’ घरापर्यंत सूनबाई एक अक्षर बोलली नाही. फक्त एका खड्ड्याच्या अलीकडे म्हणाली, ‘घट्ट धरा, उमेदवार.’

दोनच दिवसांनी सभागृहात उमेदवारांची भाषणं होती. पहिला नंबर माझा. माझं भाषण पाठ होतं, ह्यांना आरसा समजून करून दाखवलेलं होतं. पण मी उभी राहिले आणि बाक, कठडा, चहा सगळं गिळून टाकलं. बसमधली हकीकत सांगितली, जशी घडली तशी, गाईसारखी पळाले ते सुद्धा. मुली पोट धरून हसल्या. हसू ओसरल्यावर मी म्हटलं, ‘माझं घर आवाराच्या आत आहे. मला टेकायला पाठ हवी आहे, आणि हिला संध्याकाळ हवी आहे. माझं मत हिला. तुमचंही हिलाच द्या.’ आणि जाऊन खाली बसले. सूनबाई व्यासपीठाच्या कोपऱ्यात नियमांचं पुस्तक घाईघाईने चाळत होती. उमेदवाराने दुसऱ्याचा प्रचार करावा की नाही याबद्दल त्यात काही दिलेलंच नाही.

मग कुजबुज माइकसमोर आली. मला धाकधूक, की आता ही बोलणार आणि पहिल्या रांगेलासुद्धा काही कळणार नाही. पण सभागृह असं गप्प झालं, वहिनी, की पंख्याची करकर ऐकू यायला लागली. कोणीतरी उठून पंखाही बंद केला. तिचा आवाज काही वाढला नाही. सगळ्या मुली मात्र पुढे झुकून बसल्या. ती फक्त म्हणाली, ‘मला एकदा प्रयोग पुरा करून बघायचाय. तुम्हालाही बघायचा असेल तर मला मत द्या.’ एवढंच. निकाल लागला तो अर्थातच तिच्या बाजूने. मीही चांगली लढत दिली, थोडक्यात हुकले. वार्ताफलकावर मथळा होता, ‘आजींनी आजींना पाडले’. आणि निकाल जाहीर करून सूनबाई घरी आली ती थेट माझ्या ओट्याशी, झाकण काढलं आणि उभ्याउभ्या पातेल्यातूनच खायला लागली. ‘निकाल लागला,’ ती भरल्या तोंडाने म्हणाली. माझ्या डोळ्यांत कांद्यामुळे पाणी आलं.

पण निवडून आल्याने बस थोडीच हलते? कुजबुज आणि मी (मी तिची भाषांतरकार म्हणून) डेपो मॅनेजरांना भेटायला गेलो. माणूस सभ्य, पण वेळापत्रकाच्या बाबतीत अगदी हळवा. म्हणाले, एक बस हलवली की गावातली प्रत्येक बस हलते. कुजबुज काहीतरी बोलली. ‘काय?’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘आमच्या विज्ञान प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे म्हणून या, असं म्हणतेय.’ मॅनेजर क्षणभर आपल्या मागे बघायला लागले, की हे आमंत्रण नक्की कोणाला. नोकरीत आजवर त्यांना तक्रार घेऊनच लोक भेटले होते. ते लगेच ‘येतो’ म्हणाले.

मला चेव चढला. मी दोन घोषणा रचल्या, एक तर यमकासकट. बसच्या चाकापुढे बसायला ह्यांनाही तयार केलं. कुजबुजने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ‘काही करायचं नाही, आजी. नेहमीसारखं वागायचं.’ मी फार खट्टू झाले. यमक चांगलं जमलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मॅनेजर कडक इस्त्रीत आले. हारतुरे झाले आणि कुजबुजने त्यांना साबणाच्या टेबलाशी नेलं. एप्रन घातला, डोळ्यांना मोठा चष्मा लावला, हातात मोजे चढवले, समोर भांड्यात तेल आणि खार मिसळून दिला आणि ढवळायला दांडी दिली. मुली भोवती गोळा झाल्या. मॅनेजर अगदी रंगून ढवळत होते. ‘हात थांबवायचा नाही,’ शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, ‘थांबला की तेल वर येईल. घट्ट व्हायला लागलं की मी सांगेन.’

आणि खिडकीतली मुलगी ओरडली, ‘बस!’

डोळ्याचं पातं लवेपर्यंत प्रयोगशाळा रिकामी. मॅनेजर गोल चष्म्यातून दाराकडे बघत राहिले, हात मात्र गोल फिरतोय. उरले होते ते आणि मी.

‘या कुठे गेल्या?’

‘घरी.’

‘पण हे आता किती वेळ ढवळायचं?’

‘मला काय ठाऊक, साहेब? मी कवितेची विद्यार्थिनी. ज्यांना ठाऊक आहे त्या तुमच्या बसमध्ये आहेत.’

‘त्या शिकवणाऱ्या बाई?’

‘त्याही. त्यांना बहुतेक बसायला मिळतं.’

मॅनेजरांनी भांड्यात डोकावून पाहिलं. पण वहिनी, माणूस भला, त्याने दांडी खाली ठेवली नाही. ढवळत राहिला. कपाळावर घाम आला तेव्हा मी थोडा वेळ हातात घेतली. मग आभार मानायला म्हणून कुलगुरूबाई आल्या, त्यांनी प्रमुख पाहुण्यांना एप्रनमध्ये बघितलं आणि सरळ मोजे चढवले. त्यांचा विषय इतिहास. असे आम्ही तिघं, एक वेळापत्रकवाला, एक इतिहासवाली आणि एक कवितेची, पाळीपाळीने साबण ढवळत बसलो आणि तो झाला की नाही हे तिघांपैकी कोणालाच कळेना. शेवटी हात भरून आल्यावर तसाच साच्यात ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी बोलावलेलं नसताना, मॅनेजर साधा शर्ट घालून प्रयोगशाळेच्या दारात हजर. साच्यात वर तेल, खाली पाणी. त्यांना ते मनापासून लागलं. कुजबुज शेजारी उभी होती. त्यांनी विचारलं, ‘कितीसा वेळ कमी पडला?’ ती बोलली. मी भाषांतराला तोंड उघडलं, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. त्यांना ऐकू आलं होतं. त्याच आठवड्यात फाटकावर नवी पाटी लागली. शेवटची बस आता प्रयोगशाळा सुटल्यावर निघते, ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असं पाटीवर लिहिलंय. गावातली दुसरी कुठलीही बस हललेली ऐकिवात नाही.

परवा मी वर्गात बसले होते (डोळे मिटून ऐकत), तर खालून हाक आली, ‘आजी, बघा!’ एवढी मोठी की आमच्या बाई फळ्याकडून वर्गाकडे वळल्या. मी जिना उतरून गेले. हाक कुजबुजची होती. तिच्या हातात ती काचेची नळी, तळाशी निळे, बारीक, सुईसारखे स्फटिक. ती ते उजेडाकडे धरून उभी होती आणि तिच्याभोवती सगळ्या मुली, शिकवणाऱ्या बाई, ग्रंथपालबाई, वॉचमनबाई आणि मी. कोणीही कुठेही पळत नव्हतं. वहिनी, मी माझ्या मुलाचं पहिलं पाऊल बघितलंय, पण तेव्हा माझी मान एवढी ताठ झाली नव्हती.

असो. पत्र लांबलं. दादाला नमस्कार. प्रकृतीला जपा आणि ती तेलाची बाटली उघडा.

तुमची नणंद (प्रथम वर्ष, कला)

ता. क. मामी, सुनेचा नमस्कार. सासूबाईंनी शुद्धलेखन तपासायला पत्र माझ्याकडे दिलं. निवडणूक अधिकारी म्हणून एक दुरुस्ती करणं भाग आहे. सासूबाई थोडक्यात हुकल्या नाहीत. त्यांना एकच मत पडलं. ते कोणाचं, हे मी सांगू शकत नाही. त्यांचं स्वतःचं नव्हे, आणि कुजबुज हसून विषय बदलते.

ता. क. २. एक तर एक. पडलं ना?

ता. क. ३. आता खरं कारण. वर मी सगळ्यांची विचारपूस केली, तुमच्या नातीची केली नाही. मुद्दामच. पत्राचा वरचा भाग दादा मोठ्याने वाचतो आणि ता. क. येईस्तोवर त्याला डुलकी लागते. पोरीने मला फोन केला होता. बारावीला विज्ञानात एवढी छान पास झाली आणि दादा म्हणतो, पुढचं पुढे बघू, लांब कशाला पाठवायची. वहिनी, तिला इकडे पाठवा. माझ्या खोलीत खिडकीजवळ तिची कॉट टाकून ठेवली आहे. उशिराचे प्रवेश महिनाअखेरपर्यंत चालू आहेत. तुम्हाला आठवतं, लग्नाआधी मी एकच वर्ष कॉलेजात गेले. त्या वर्षी रोज सकाळी माझ्या वाटणीची भांडी तुम्ही घासायचात आणि मला मागच्या दाराने बाहेर काढायचात. तेव्हा तुम्ही दादाला विचारलं नव्हतंत. आताही विचारू नका.